गार पाण्यातून घ्यावे

कवठे महांकाळ
१८ नोव्हेंबर २०२४

ब्राह्मी,

आधी 'चि.' लिहिलं, मग तुला आवडणार नाही असं वाटून खोडलं. खोडलेलं दिसतंच आहे, तेव्हा ते मनात धर. आशीर्वाद काही विचारून देत नसतात.

तीन वर्षं दोन महिन्यांनी लिहितेय. फोन तू उचलत नाहीस हे एक, आणि उचललास तरी मी तिसऱ्या वाक्याला रागावते हे दुसरं. कागदावर खोडता येतं. चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाई चालवली, आता स्वतःच्या पत्रावर चालवतेय.

लिहायला तसं विशेष कारण नाही. सांगलीच्या मेडिकल कॉलेजची डॉ. प्रांजल म्हणून एक पोरगेलीशी डॉक्टरीण ऑक्टोबरात इथं आली होती. तिला पंचावन्नच्या पुढची वीस माणसं हवी होती. बारा आठवडे रोज एक पुडी घ्यायची, आणि सर्दी, पडसं, खोकला, घसा, जे होईल ते कार्डावर लिहायचं, किती दिवसांत बरं झालं तेही लिहायचं. निम्म्या पुड्यांत पोटाला चांगले असे जिवाणू, निम्म्यांत नुसती पूड. कुणाला कुठली ते मला माहीत नाही, खुद्द डॉक्टरणीलाही माहीत नाही, यादी पाकिटात बंद आहे. जिवाणू घेणाऱ्याचं पडसं लवकर बरं होतं का, एवढंच त्यांना बघायचंय. अशी चौदा गावं आहेत. आपल्या गावची गटप्रमुख कोण, ते तुला सांगायला नको.

वीस माणसं मी दीड दिवसात गोळा केली. शेजारची झुबेदा आहे, अजून शिलाई मशीन सोडत नाही. आकाराम गिरणीवाला आहे, पिठानं त्याचा खोकला बारमाही झालाय. पुड्या घरी दिल्या तर ही मंडळी डब्यात ठेवून विसरतील, म्हणून मी नियम केला, रोज संध्याकाळी साडेपाचला आपल्या सोप्यात यायचं आणि माझ्यासमोर घ्यायचं. दिवस मावळल्यावर आपल्या जैनांच्या घरी पाणी नाही, त्यामुळे सगळं गावच सध्या आपल्या वेळेत पाणी पितंय. वीस कप मांडते. आपलं नेहमीचं गाळून उकळलेलं पाणी, वाफा येत असताना ओतते. पुडीवर 'गार पाण्यातून घ्यावे' असं छापलंय. सर्दीच्या माणसाला गार पाणी? छापणाऱ्याला कधी पडसं झालेलं नसावं.

पुडीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'खंडाळा, जि. सातारा' असंही आहे. तू नोकरीला आहेस तेच खंडाळा का, म्हणून मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझ्या अण्णांना विचारलं, तर त्यांना एकाएकी द्राक्षबागेतलं काम आठवलं आणि ते उठून गेले. ते रोज जेवण झालं की गच्चीवर जाऊन अर्धा तास ढग बघतात. नोव्हेंबरात कवठ्याला कुठले ढग? मी काही बोलत नाही. बोलत असतील कुणाशी तरी, बोलू देत.

मी पुडी घेते ती सर्दीसाठी. त्याचा आणखी काही अर्थ काढू नकोस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आई


कवठे महांकाळ
९ डिसेंबर २०२४

ब्राह्मी,

तुझं उत्तर नाही. चालेल असं मीच म्हटलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण बातमी इतकी मोठी आहे की पोटात राहत नाही.

पाच आठवडे झाले आणि आपल्या वीस जणांत सर्दी शून्य. खोकला शून्य. काल डॉक्टर प्रांजल कार्डं न्यायला आली आणि एकेक कार्ड उलटीपालटी करून बघत राहिली. बाकीच्या गावांत विसांत सात-आठ जणांची नाकं वाहतायत. थंडी सगळीकडं सारखीच, आटपाडीकडं तर जास्तच. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं असं काय वेगळं आहे?" मी म्हटलं, शिस्त. मला इतका आनंद झाला की तिला शेंगाची पोळी दोनदा वाढली.

तशी परवा आकारामनं एक जोराची उबळ काढली होती, पण ती गिरणीतल्या पिठाची. मी त्याला म्हटलं, आकाराम, हा ठसका आहे. तो म्हणाला, "व्हय बाई, ठसकाच." माझंही नाक गेले चार दिवस जरा चोंदलंय, ते रस्त्याच्या धुळीनं. रुंदीकरण चाललंय ना.

अजून ऐक. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठरलाय. शाल, नारळ आणि डॉक्टरणीचं भाषण. बारा आठवडे बरोबर त्याच दिवशी पुरे होतात. निवृत्त झाले तेव्हासुद्धा मला एवढं काही वाटलं नव्हतं. सत्काराला कुठली साडी नेसायची यावर झुबेदाशी दोनदा चर्चा झाली. ती म्हणते जांभळी, मी म्हणते मोरपंखी.

आणि तुझ्या अण्णांनी अखेर तोंड उघडलं. हे पुडीतलं जिवाणूंचं वाण तुझ्याच विभागात वाढवलंय म्हणे. अडीच वर्षं तू त्याच्यामागं आहेस, आणि या चौदा गावांचं काय निघतंय त्यावर ते पुढं जाणार की बंद पडणार हे ठरणार आहे. मला अभिमान वाटला असं मी लिहीत नाही. पण त्या संध्याकाळी मी पुडी कपात ओतली आणि चमच्यानं जरा जास्त वेळ ढवळली. तुझ्या हातचं काहीतरी माझ्या घरात आलं, असं मनात येऊन गेलं. पुडी कोरडी, आणि कोरड्यात कसला आलाय जीव, अशी मी मनाची समजूत घातली आहे. त्यावर वाद घालू नकोस.

आई


कवठे महांकाळ
२८ डिसेंबर २०२४

चि. ब्राह्मीस,

(आज खोडणार नाही.)

तुझं पाकीट आलं. पोस्टमन दारात असतानाच मी अक्षर ओळखलं. तुझा 'ब्र' अजून तसाच पोट फुगलेला आहे, त्यासाठी तू तिसरीत माझा मार खाल्ला होतास. आत एकच ओळ.

'आई, पाणी किती गरम असतं?'

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. तुझ्या अण्णांना दाखवली, झुबेदाला दाखवली. झुबेदा म्हणाली, "बाई, पोरीनं तब्येतीचं बी इचारलं न्हाई, पान्याचं इचारलं?" मी म्हटलं, तुला कळत नाही. ओळीच्या सुरुवातीला काय लिहिलंय ते बघ. तीन वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही.

आता उत्तर. पाणी चांगलं कढत असतं. पातेल्यात खळखळ उकळी फुटली की मी लगेच ओतते, पुडी टाकते, ढवळते, आणि ओठांना सोसवेल इतकं झालं की सगळे पितात. थंडीच्या दिवसांत तेवढ्यानं छातीही मोकळी होते. चोवीस तासांच्या आतलंच पाणी, शिळं कधी देत नाही. तुला माझ्या हातचं ठाऊक आहे, कसूर नसते.

हे का विचारलंस? तुमच्या तिथं पुडीवर छापायचं बदलणार आहात का? तसं असेल तर माझं नाव घालायला हरकत नाही.

पत्र मिळाल्याबरोबर लिही. मी आता दहा वाजल्यापासून दारात असते.

तुझी आई


कवठे महांकाळ
१० जानेवारी २०२५

चि. ब्राह्मीस,

तुझं दुसरं पत्र गुरुवारी आलं, म्हणजे आज आठ दिवस झाले. चूक कबूल करायला मला वेळ लागतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

सात वाक्यं आहेत. मला आता पाठ झालीत. 'आई, ते जिवंत असतात. सुकवलेले असले तरी पाण्यात पडले की जागे होतात. हे वाण पंचेचाळीस अंशांच्या वर तग धरत नाही. उकळत्या पाण्यात एकही उरत नाही. तुमच्या वीस जणांनी इतके आठवडे नुसतं गरम पाणी प्यायलंय. हे डॉक्टरांना कळायला हवं. तू सांगतेस का मी सांगू?'

पहिल्या दिवशी मी रागावले. तुझ्यावर, छापणाऱ्यावर, थंडीवर. दुसऱ्या दिवशी मास्तरकीची खोड म्हणून गणित मांडलं. एका पुडीत दोनशे कोटी, विसांतल्या दहा जणांच्या पुडीत ते असणार, नऊ आठवड्यांचे त्रेसष्ट दिवस. एक लाख सव्वीस हजार कोटी. मी पाण्याला दुहेरी गाळणं बांधते, वाटेतली मुंगी ओलांडून जाते, आणि रोज साडेपाचला वीस कप मांडून स्वतःच्या हातानं हे करत होते. वर चमच्यानं ढवळत होते.

आणि तुला मी काय बोलले होते?

तू विसरली नसशील, पण मी आजवर ते कुणापाशी उच्चारलेलं नाही, म्हणून आज लिहून काढते. दशलक्षण पर्वातले माझे दहा उपवास झाले होते. पारण्याला तू खंडाळ्याहून आलीस. आदल्या संध्याकाळी तू सांगितलंस की डेअरीच्या तपासणी खात्यात आहे असं जे वर्षभर सांगत आलीस ते खोटं होतं, तू जिवाणू वाढवतेस आणि काम झाल्यावर उरलेले भट्टीत घालून संपवतेस. सकाळी सगळे पाहुणे बसलेले. पारण्याचं पहिलं पाणी लेकीनं द्यायचं, म्हणून तू तांब्या घेऊन समोर आलीस. मी तोंड फिरवलं आणि चारचौघांत म्हटलं, "या हातचं पाणी मला चालणार नाही." पाणी मग तुझ्या मावशीनं दिलं. तू तांब्या खाली ठेवलास आणि अकराच्या एसटीनं गेलीस. दहा दिवसांचे उपवास, क्षमेपासून सुरू होणारं व्रत, आणि त्याच्या पारण्याला मी हे केलं.

तुझ्या अण्णांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, "जाऊ दे की गं. कार्डावर सगळं बेस हाय, डॉक्टरीण खूश हाय, पोरीच्या औषधाचंबी भलंच हुतंय. कुनाला कळतंय?" मोह मलाही पडला, खोटं का बोलू. सव्वीस तारीख पुढं आहे. आणि तुझंही खरंच भलं होत असेल तर गप्प का बसू नये, असं मी एक अख्खा दिवस घोकलं.

पण एक गोष्ट टोचतेय. जिवाणू जर कपातच मेले, तर माझ्या वीस जणांना सर्दी का झाली नाही?

मी सांगेन. तू सांगू नकोस. मला थोडे दिवस दे.

तुझी आई


कवठे महांकाळ
१९ जानेवारी २०२५

चि. ब्राह्मीस,

काल जे झालं ते सगळं सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

काल साडेपाचला सगळे जमले. मी कप मांडलेच नाहीत. उभी राहिले आणि शाळेत विचारायची तसं विचारलं, "या अकरा आठवड्यांत ज्याला ज्याला सर्दी-खोकला झाला त्यानं हात वर करा." एकही हात वर गेला नाही. सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मला वर्गातलं सगळं कळतं, पाठमोरी असले तरी कळतं, तुझ्या पिढीची पोरं अजून सांगतात. आणि माझ्याच सोप्यात अकरा आठवडे काय चाललंय ते मला कळलं नव्हतं.

मग मी स्वतःचा हात वर केला.

म्हटलं, "मला दोनदा झाली. डिसेंबरात आणि आता संक्रांतीच्या सुमाराला. मी कार्डावर लिहिली नाही. धूळ आहे म्हणत राहिले, कारण गटप्रमुखालाच पडसं झालं तर बरं दिसत नाही."

झुबेदानं तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय कळेना. मग तिचा हात वर. मग आकारामचा. म्हणाला, "आवं बाई, मला तीनदा झाली. पर तुमी म्हनला ठसका, मग मीबी म्हनलो ठसका." एकेक करत सतरा हात वर गेले, ब्राह्मी. विसांत सतरा. पाराजवळच्या शेवंताबाई तर खोकला आला की आपल्या दारात न येता नळापर्यंत जाऊन खोकून यायच्या आणि मग आत बसायच्या.

मी म्हटलं, "अहो, पण लिहिलं का नाही? कार्ड त्यासाठीच होतं ना?"

झुबेदा म्हणाली, "बाई, तुमच्या म्होरं कोन खोकनार? पयल्याच आठवड्यात तुमी म्हनला हुता, आपल्या गटात कुनी आजारी पडायचं न्हाई. आमी भ्यालो."

ती हे अगदी साधेपणानं बोलली, तिच्या मनात टोमणा नव्हता. पण मला तू आठवलीस. वर्षभर डेअरीच्या गोष्टी रचून सांगणारी, ताकाचा आंबटपणा कसा मोजतात ते मला फोनवर समजावणारी. मी आजवर समजत होते की माझी लेक खोटं बोलली. माझ्यासमोर खोकायची सोय नव्हती, हे मला काल कळलं. बेचाळीस जणांचा वर्ग गप्प बसला की मला वाटायचं, काय शिस्त आहे. त्यातले किती नुसते भ्यालेले होते कोण जाणे.

मग मी त्यांना पाण्याचंही सांगितलं. सगळं, अंश-बिंशासकट. आकाराम म्हणाला, "म्हंजी बाई, आमी अकरा आठवडं तुमच्याकडं फुकटचं गरम पानी प्यायला येतुया?" सगळे इतके हसले की रस्त्यावरची माणसं डोकावून गेली. मीही हसले. माझ्या सोप्यात माणसं मोठ्यानं हसलेली मी कधी ऐकली होती, आठवत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं सांगलीला जातेय. डॉक्टरणीला काय सांगायचं त्याचे मुद्दे एका कागदावर काढून ठेवलेत. तिसरा मुद्दा आहे, सत्कार रद्द करा.

तुझी आई


कवठे महांकाळ
२७ जानेवारी २०२५

चि. ब्राह्मीस,

झालं. सगळं झालं आणि मी जिवंत आहे.

डॉक्टर प्रांजलनं माझं पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं ती ओरडेल. मी असते तर ओरडले असते. तिनं डोक्याला हात लावला, एक ग्लास पाणी प्यायली, तेही गार, आणि म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही तुमच्या गावाचे आकडे खरे धरले असते. चांगले धरले असते. आणि ते खोटे ठरले असते." आपल्या वीस जणांची कार्डं मोजणीतून काढून टाकली. मी विचारलं, माझ्या लेकीच्या कामाचं नुकसान झालं का. ती म्हणाली, अजून तेरा गावं आहेत, आणि खोट्या यशापेक्षा एक गाव कमी झालेलं परवडतं.

मग मी हट्ट धरला. पुन्हा करू म्हटलं. बारा आठवडे, पहिल्यापासून, नव्या पुड्या, नवी कार्डं, गार पाणी. तिनं वरच्या समितीला विचारलं. थंडी सरत येईल, आकडे वेगळे धरावे लागतील असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं, पण शनिवारी हो आलं. वीसच्या वीस जण तयार आहेत. एकच अट डॉक्टरणीनं घातली आणि ती घालताना बिचारी इतकी चाचरली की मलाच तिची दया आली. गटप्रमुख बदलायचा.

आता झुबेदाची सून शिफा गटप्रमुख आहे. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, आवाज इतका बारीक की जवळ जावं लागतं. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "शिंक आली तरी लिवा, मला राग येत न्हाई." मी शेवटच्या रांगेत बसले होते. मान्य करायला हवं, ती माझ्यापेक्षा बरी आहे.

काल झेंडावंदनाला मोरपंखी साडी नेसून मी खालीच बसले, पोरांच्या मागं. शाल कुठल्याशा माजी सैनिकाला गेली. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं.

जिवाचा प्रश्न मात्र माझ्यापुरता उरलाच होता. आठ प्रहरांच्या आतलं दही मी जन्मभर खात आले, तेव्हा कधी अडलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, असले अब्जावधी आपल्या पोटात जन्मापासून नांदतात, त्यांच्या जिवावर आपण जगतो आणि आपल्या जिवावर ते. मी बस्तीत, देवासमोर बसून दोन दिवस त्यावर विचार केला. दुसऱ्या कुणाला सांगायचा मला अधिकार नाही, पण मी ठरवलंय की उकळून गार केलेल्या पाण्यातून घेईन. तुझ्या भट्टीचं मला अजून रुचत नाही, तेही लिहून टाकते. पण न रुचणं आणि लेकीला पाणी नाकारणं यात फरक आहे. तो मला तेव्हा दिसायला हवा होता.

तुझी आई


कवठे महांकाळ
१२ मार्च २०२५

चि. ब्राह्मीस,

मला सर्दी झाली. रविवारी सकाळी नाक वाहायला लागलं, दुपारी घसा धरला, आणि मी आनंदानं शिफाच्या घरी जाऊन कार्ड भरून आले. तिनं विचारलं, ताप? मी म्हटलं, थोडा. लिही. खोकला? लिही. झुबेदा म्हणाली, "बाई, पेढं वाटताय का काय?"

आज चौथा दिवस, नाक सुकलंय. गेल्या वेळी नऊ दिवस चाललं होतं. माझ्या पुडीत तुझे जिवाणू आहेत की नुसती पूड, हे यादीचं पाकीट फोडल्यावरच कळणार. एका माणसाच्या एका पडशावरून काही ठरत नाही हे मला डॉक्टरणीनं नीट समजावलंय, आणि मला पटलंयही. तरी चौथ्या दिवशी सुकलं, एवढं तुला कळवते.

तू मधल्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. अण्णा म्हणतात, वाचतेस. मला ते पुरतंय असं मी म्हणत होते, पण आता खरं लिहायची सवय लागली आहे. पुरत नाही.

तुझी आई


खंडाळा, कारखान्याचं फाटक
२४ एप्रिल २०२५, दुपारी पावणेतीन

ब्राह्मी,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून मांडीवर लिहितेय, अक्षराकडं बघू नकोस.

बारा आठवडे रविवारी संपले. वीस जणांच्या कार्डांवर मिळून तेवीस सर्द्या आहेत, सगळ्या खऱ्या. निकाल अजून महिनाभर पाकिटात बंद. तो काय निघेल याची मी वाट बघणार नाही असं काल सकाळी ठरवलं. निघालं तर तुझं चांगलं झालं म्हणून आली, नाही निघालं तर सांत्वनाला आली, असं तुला वाटायला नको होतं. अण्णांना म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, "मी येऊ?" मी म्हटलं, तुमचं भांडण नाही, तुम्ही ढग बघा. तेव्हा पहिल्यांदा ते लाजले.

सांगलीहून साडेसातची गाडी मिळाली. कराडला चहा, साताऱ्याला काहीच नाही. खंबाटकी घाट ओलांडला आणि वाटलं, उतरून परत जावं. चौतीस वर्षं तपासणी अधिकाऱ्यांना मी कधी भ्याले नाही. आज या फाटकाला भीत होते.

पहारेकरी चांगला माणूस आहे, नाव नाथाजी. वहीत नाव लिहायला सांगितलं. कुणाला भेटायचं, लिहिलं. काम काय, या रकान्यात मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तो म्हणाला, "आवं मावशी, खासगी लिवा की." मी 'माफी' लिहिलं. त्यानं वाचलं आणि उठून मला बाक पुसून दिला.

तर आता तेच काम. मी चुकले, ब्राह्मी. पारण्याच्या दिवशी चुकले आणि त्याआधी बरीच वर्षं चुकत होते. तू माझ्याशी खोटं बोललीस त्याचं खापर मी तुझ्यावर फोडलं, ते माझ्या दारात फोडायला हवं होतं. तुला मी दुखवलं, चारचौघांत दुखवलं. मला माफ कर. लगेच करता आलं नाही तरी चालेल. नुसतं बाहेर येऊन रागाव, मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. साडेचारची परतीची गाडी आहे, तोवर मी इथून हलत नाही.

नाथाजीनं आत्ताच आत फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते. "मॅडम, कवठ्याहून तुमच्या आई आल्यात." मग ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं वळला.

"मॅडम म्हंत्यात, थांबा, लगेच येते. तेवढं हात धुऊन येते म्हंत्यात."

मी त्याला म्हटलं, सांगा तिला, धुतले नाहीत तरी चालतील.